पीएचडीआधीचा अडीअडचणीचा निधी: संशोधन काय सांगतं आणि घरची वही काय सांगते



नेट-सेट झालेले किंवा पेटची तयारी करणारे बरेच जण मला विषय कसा निवडायचा, गाईड कसा शोधायचा हे विचारतात. फोन ठेवायची वेळ आली की मग हळूच खरा प्रश्न येतो: "ताई, फेलोशिप हातात येईपर्यंत भागवायचं कसं? किती पैसे बाजूला हवेत?"

इंटरनेटवर याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. उत्तर चुकीचं नाही, पण ते दर महिन्याला पगार होणाऱ्या माणसासाठी आहे. ज्या घरात उत्पन्न हंगामावर, भाड्यावर किंवा मंजुरीच्या कागदावर अवलंबून आहे, तिथे ते अर्धवट पडतं. ग्रामीण घरांची बचत आणि उधारी हाच माझा पीएचडीचा विषय असल्यामुळे आज या प्रश्नाचं थोडं सविस्तर उत्तर देते. सोबत हेही दाखवते की घरातला साधा प्रश्न संशोधनात कसा विचारला जातो, कारण तुम्हाला पुढे तेच करायचं आहे.

आधी आमच्या घरचं सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने आली नाही. चौकशी केली की "कागद वर गेलेत" एवढंच उत्तर. चौथ्या महिन्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आमचं घर बार्शीत, त्यांना सोलापूरला हलवलं. ऑपरेशनचं बिल सरकारी योजनेत बसलं, त्यामुळे आम्ही वाचलो. पण योजनेत न बसणारं बरंच असतं: गाडीभाडं, आधीच्या तपासण्या, दोन माणसांचं तिथे राहणं-खाणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बाबांचा टेम्पो दोन महिने उभा असताना भरावे लागलेले त्याचे हप्ते. आईच्या वहीप्रमाणे एकूण ६१,००० रुपये लागले. ते आले असे: आईच्या डब्यातून ८,५००, मामाकडून हातउसने १५,०००, भिशीत एका काकूंशी नंबर बदलून २०,०००, आणि बोरमाळ गहाण ठेवून १७,५००. माझ्या खात्यावर तेव्हा अकराशे रुपये होते, आणि टेबलावर 'उपभोग स्थिरीकरण' या विषयावरचे पेपर.

नंतर कधीतरी मी हा हिशेब तक्त्यासारखा मांडला, तेव्हा एक गोष्ट दिसली. आमच्या घरात आपत्कालीन निधी 'नव्हता' असं मी सगळ्यांना सांगत होते. तो होता. फक्त चार ठिकाणी विखुरलेला होता, आणि प्रत्येक ठिकाणची अट वेगळी होती.

शिरापूर, कांझरा आणि औरेपल्ली

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. १९७५ पासून या संस्थेने काही निवडक गावांत घराघराची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्यातली तीन गावं अर्थशास्त्रात फार गाजली: सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं कांझरा आणि आताच्या तेलंगणातलं औरेपल्ली. प्रत्येक गावात ४० घरं निवडली होती: दहा भूमिहीन मजुरांची आणि दहा-दहा लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. तपासनीस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरात जाऊन काय पिकलं, काय विकलं, कोणाला दिलं, कोणाकडून घेतलं हे लिहून घ्यायचा. अशी सलग दहा वर्षं. आपल्याकडे एका प्रश्नावलीच्या एका फेरीवर प्रबंध उभे राहतात, त्या पार्श्वभूमीवर हे चिकाटीचं काम जरा नीट बघा.

या वह्यांवर रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त एक पेपर लिहिला. त्यांचा प्रश्न साध्या भाषेत असा: तुमच्या घरचं उत्पन्न यंदा पडलं, पण गावाचं सरासरी उत्पन्न तेवढंच राहिलं, तर तुमच्या ताटातलं कमी होतं का? गाव जर एकमेकांना पूर्ण सांभाळून घेत असेल, तर तुमचा उपभोग गावाच्या सरासरीबरोबर हलायला हवा, तुमच्या एकट्याच्या उत्पन्नाबरोबर नाही. हीच 'पूर्ण विम्या'ची चाचणी. इथे विमा म्हणजे पॉलिसी नव्हे. उसनवारी, साठवलेलं धान्य, नातेवाईक, सावकार या सगळ्याचा मिळून जो परिणाम होतो, तो विमा.

निकाल काय आला? पूर्ण विम्याची कसोटी काटेकोरपणे लावली तर ती नापास होते. पण घरांचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नाच्या चढउताराबरोबर अपेक्षेपेक्षा खूपच कमी हलतो. म्हणजे गावं बऱ्यापैकी तग धरून होती. मात्र तीनपैकी एका गावात भूमिहीन घरं इतरांपेक्षा कमी सुरक्षित दिसली. पेपरचा सारांश वाचून थांबणाऱ्यांच्या हे शेवटचं वाक्य लक्षात राहत नाही. तुम्ही ते लक्षात ठेवा.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: तग धरली कशावर? एकाच माहितीवर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं काढली, आणि इथून वाचायला खरी मजा येते.

रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ मध्ये बैलांकडे बघितलं. वाईट वर्षी शेतकरी बैल विकतात, चांगल्या वर्षी घेतात. वेळ निभावते, पण पुढच्या हंगामात नांगराला बैल नसतो. म्हणजे ज्यावर कमाई होते तीच वस्तू घराची तिजोरी झाली की आजची अडचण उद्याच्या उत्पन्नातून फेडली जाते. हे वाचताना मला बाबा आठवले. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवडाभर ते टेम्पो विकायचं बोलत होते. मी स्वतः पीएचडी सोडून तासिका तत्त्वावर कुठे शिकवायला मिळतं का बघत होते. दोन्हीचा हिशेब एकच होता.

१९८९ चा रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांचा पेपर लग्नांकडे बघतो. मुली दूरच्या, वेगळ्या पावसाच्या गावांत दिलेल्या असतील तर त्या घराच्या अन्नखर्चात चढउतार कमी दिसतो, कारण इकडे दुष्काळ असताना तिकडे बरं पिकलेलं असू शकतं. यावरून आईवडिलांनी विमा म्हणून मुलगी दूर दिली असं मात्र म्हणता येत नाही. माहितीत फक्त नमुना दिसतो, हेतू दिसत नाही. (माझ्या आत्याला लातूरकडे का दिली, याची आमच्या घरात तीन कारणं सांगितली जातात. त्यात पाऊस नाही.)

त्यानंतर दुरुस्त्या आल्या. लिम आणि टाउनसेंड यांनी १९९८ मध्ये याच माहितीतून दाखवलं की वाईट काळात घरं जास्त करून साठवलेलं धान्य आणि हातातली रोकड यांवर निभावतात, जनावरांचा वाटा त्यामानाने थोडा. त्याच वर्षी फाफशां, उड्री आणि झुकास यांचा बुर्किना फासोवरचा पेपर आला. दुष्काळात बुडालेल्या उत्पन्नाची जास्तीत जास्त ३० टक्के, आणि बहुधा १५ टक्क्यांच्या आसपासच भरपाई जनावरं विकून झाली होती. त्याआधी १९९७ मध्ये रॅव्हेलियन आणि चौधुरी यांनी टाउनसेंड यांच्या निकालावरच बोट ठेवलं होतं. उपभोग ज्या पद्धतीने मोजला त्यात अशा चुका आहेत की निकाल विम्याच्या बाजूने झुकतो, असा त्यांचा मुद्दा.

साहित्य आढावा लिहिताना "अमुक यांच्या मते, तमुक यांच्या मते" अशी यादी करू नका, हे गाईड सांगतात त्याचा अर्थ हा. वरचे पेपर एकमेकांशी भांडताहेत. भांडण नेमकं कशावरून आहे ते लिहिलं की आढावा होतो.

एकट्यावर आलेली वेळ आणि सगळ्यांवर आलेली वेळ

या सगळ्या साहित्यातून रोजच्या जगण्यासाठी एकच फरक उचलायचा असेल तर मी हा उचलेन. काही धक्के एका घरावर येतात: आजारपण, अपघात, गाय मरणं. काही धक्के सगळ्यांवर एकदम येतात: दुष्काळ, लॉकडाऊन. पहिल्याला वैयक्तिक धक्का म्हणतात, दुसऱ्याला सामायिक.

नातेवाईक, शेजारी, भिशी हे सगळं वैयक्तिक धक्क्यावरचं औषध आहे. आईच्या भिशीचंच घ्या. बारा बायका, महिना दोन हजार, म्हणजे दर महिन्याला एकीच्या हातात २४,०००. आमच्यावर वेळ आली तेव्हा बाकी अकरा घरं ठीक होती, म्हणून एका काकूंनी आपला नंबर दिला. (चार हजारांचे दोन राहिलेले हप्ते कापून आईला वीस मिळाले.) हीच भिशी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडली. कोणी बुडवली नाही, कोणी वाईट वागलं नाही. पण बारा घरांची कमाई एकाच महिन्यात थांबली, तर पैसे टाकणार कोण आणि नंबर देणार कोण? १९७२ च्या दुष्काळाबद्दल आमचे आजोबा सांगायचे त्यातही हेच होतं. मागायला जावं तर ज्याच्या दारात जावं त्याचीही कणगी रिकामीच. त्या वेळी लोकांना तारलं ते गावाबाहेरून आलेल्या दुष्काळी कामांनी.

आता हे स्वतःला लावून बघा. फेलोशिप रखडणं हा कोणत्या प्रकारचा धक्का आहे? मला वाटायचं माझ्या एकटीचा. पण होस्टेलमध्ये माझ्या खोलीत तिघी होतो आणि तिघींची फेलोशिप एकाच यादीतून येत होती. ती थांबली तेव्हा तिघींची थांबली. उसने मागायला मी ज्यांच्याकडे जाणार, त्याच माझ्याकडे आल्या. मेसवाल्या मावशींकडे त्या महिन्यांत अख्ख्या मजल्याची उधारी होती. आपण सगळे एकाच नळावर पाणी भरतो आणि अडचण आली की एकमेकींचीच कळशी मागतो.

म्हणून माझं सरळ मत असं: तुमच्या ओळखीचे, नात्याचे लोक जी वेळ सांभाळून घेऊ शकतात, तिच्यासाठी फार पैसे अडकवू नका. जी वेळ त्यांच्यावरही तुमच्याबरोबरच येते, तिच्यासाठी स्वतःचा रोख निधी हवा. संशोधक विद्यार्थ्यांसाठी तशी वेळ म्हणजे फेलोशिपचा उशीर.

पैसे ठेवायचे कुठे? किल्लीचा प्रश्न

"हातात काही उरतच नाही, ठेवणार काय?" हे खरं आहेच. पण केनियातला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. पास्कलिन द्युपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी पश्चिम केनियात ११३ भिशीगटांबरोबर काम केलं. त्यांचा पेपर २०१३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आला. गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या योजनांत वाटले. काहींना कुलपाची पत्र्याची पेटी आणि तिची किल्लीही दिली. काहींना तीच पेटी, पण किल्ली कार्यक्रमाच्या माणसाकडे, ठरलेली रक्कम जमल्यावरच उघडायची. काहींना भिशीसारखंच आरोग्यासाठी वेगळं भांडं. आणि काहींना आजारपणाच्या तातडीसाठी राखून ठेवलेलं खातं, खजिनदाराकडे.

मला वाटलं होतं, किल्ली दुसऱ्याकडे असलेली पेटी जिंकेल. आपल्याला स्वतःवर ताबा नसतो असं आपण समजतो ना. झालं उलट. किल्ली हातात असलेल्या साध्या पेटीनेच आरोग्यासाठीची बचत ६६ टक्क्यांनी वाढली. किल्ली दुसऱ्याकडे गेल्यावर सरासरीत तसा फायदा दिसला नाही. एक कारण समजण्यासारखं आहे: ज्या पेटीतून अचानक वेळ आली तर पैसे काढता येणार नाहीत, तिच्यात माणूस टाकतच नाही. तातडीसाठीच राखलेल्या खात्याने मात्र आजारपणाचा फटका पेलायला मदत केली, आणि गटाने मिळून केलेल्या बचतीचा परिणाम फार चांगला आला. ज्यांच्याकडे नातेवाईक वारंवार मागायला येतात, अशा लोकांना पैशावर नाव लिहिण्याचा, म्हणजे 'हे अमुकसाठी' असं ठरवण्याचा विशेष उपयोग झाला.

हे शेवटचं वाचून मी हसले. माझी पहिली फेलोशिप जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चुलतभावाचा फोन आला होता. नाही म्हणायला मला कारण सापडेना. "ते पैसे बाबांच्या औषधाचे आहेत" हे कारण आता सापडतं, कारण ते खरंच वेगळ्या खात्यात आहेत. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये यालाच मनातला हिशेब म्हटलं होतं: पैसा पैशासारखाच असतो, पण आपण त्याचे कप्पे करतो आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात सहज हात घालत नाही. सिद्धांतात ही माणसाची चूक मानली जाते. घरात ती कामाला येते.

तर जागा निवडताना तीन गोष्टी बघा. सुरक्षित आहे का, रात्री अकराला लागले तर निघतील का, आणि नुसते दिसतात म्हणून खर्च होतील का. मी एक वेगळं बचत खातं ठेवलं, त्याचं कार्ड घरी आईकडे दिलं. पतसंस्थेची पिग्मीही चालते, कारण एजंट दारात येतो आणि टाळता येत नाही. मात्र मुदतीआधी मोडली तर किती कापतात आणि किती दिवसांत देतात हे आधी विचारून घ्या, आणि पतसंस्था कशी आहे हे गावात चौकशी करून मगच. पाच वर्षांची एफडी हा तातडीचा निधी नव्हे. ती केनियातली दुसऱ्याकडे किल्ली असलेली पेटी आहे.

"पडून राहिलेल्या पैशावर व्याज काय मिळणार?" असं बाबा म्हणतात. मी त्यांना बोरमाळेचा हिशेब दाखवला. १७,५०० रुपये, महिना एक टक्का, नऊ महिने: १,५७५ रुपये व्याज. आणि त्या नऊ महिन्यांत दोन लग्नं झाली, आई दोन्हीकडे साधं मंगळसूत्र घालून गेली. दुसरी गोष्ट कोणत्याच पेपरात मोजलेली नाही.

मग किती?

आधी फक्त न थांबणारा खर्च लिहा. माझा असा होता: खोली २,५००, मेस ३,०००, प्रवास-मोबाईल-झेरॉक्स १,५००, घरी ४,०००. बेरीज ११,०००. सात महिने धरले तर ७७,०००. हा आकडा बघून वही बंद करावीशी वाटते, माहीत आहे. म्हणून सुरुवातीचं लक्ष्य दीड महिन्याचं ठेवा, माझ्या बाबतीत १६,५००. तेवढ्यात अचानकचा गावचा प्रवास, दवाखान्याची अनामत, मेसचे पहिले पैसे निघतात. लहान धक्के जास्त वेळा येतात, आणि घर कर्जात जायला सुरुवात तिथूनच होते.

उरलेली रक्कम महिन्याच्या काटकसरीतून फारशी जमत नाही. ती जमते थकबाकीच्या दिवशी. रखडलेली फेलोशिप येते तेव्हा एकरकमी येते. त्या दिवशी आधी उसने फेडा (मामा काही बोलले नाहीत तरी फेडा, पुढच्या वेळचा दरवाजा तोच आहे), गहाण सोडवा, मग नवा लॅपटॉप बघायच्या आत निधीचा वाटा हलवा. मी पहिल्या थकबाकीला हे केलं नाही. दुसऱ्या वेळी केलं.

हाच प्रश्न संशोधनात विचारायचा असेल तर

"तुमच्याकडे आपत्कालीन बचत आहे का?" असा प्रश्न प्रश्नावलीत टाकाल, तर आई "नाही" म्हणेल आणि तुमच्या तक्त्यात आमचं घर शून्य दिसेल. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हचं सर्वेक्षण २०१३ पासून विचारतं की अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तो कसा भागवाल. जागतिक बँकेच्या २०२१ च्या फिन्डेक्समध्ये ठरावीक रक्कम ३० दिवसांत उभी करता येईल का, कुठून, आणि किती कठीण जाईल असं विचारलं आहे. दोन्ही प्रश्न काल्पनिक प्रसंगाबद्दल आहेत. माझ्या पायलटमध्ये लोक त्यावर "बघू, करू काहीतरी" असं म्हणायचे. म्हणून मी प्रश्न बदलला: मागच्या दोन वर्षांत अचानक पैसे लागले असा शेवटचा प्रसंग कोणता, किती लागले, आणि एकेक रुपया कुठून आला? लोक भडाभडा सांगतात. मग एक रकाना मी नंतर वाढवला: कोणाकडे मागितले आणि मिळाले नाहीत. आधार कुठे तुटतो ते त्या रकान्यात दिसतं.

अर्ज भरायच्या आधी स्वतःच्या घराचा हा तक्ता एकदा भरून बघा. प्रबंधाला उपयोगी पडेल न पडेल, निधी किती हवा ते त्यातून कळेल. आणि आईला विचारायचं तर एकटी असताना विचारा. आमच्याकडे बाबांसमोर डब्यातली रक्कम ३,००० होती.